दिवा आणि वही

स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात १८५४-५५च्या हिवाळ्यात दगावलेल्या ब्रिटिश सैनिकांची नोंद तीन ठिकाणी होत असे. एक यादी दफनाची, दुसरी डॉक्टरांची आणि तिसरी कचेरीतली. पुढे या तिन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या, तेव्हा एकीचा आकडा दुसरीशी जुळेना. शेकडो माणसं अशी निघाली, की ती पुरली गेली होती, पण डॉक्टरांच्या कागदावर मेलेलीच नव्हती. बँकेत लेजर आणि डे-बुक यांचा मेळ बसला नाही, तर चार आण्यांच्या फरकासाठी अख्खी शाखा रात्री दहापर्यंत बसत असे. मी स्वतः तसा कितीदा तरी बसलो आहे. इथे फरक पैशांचा नव्हता, माणसांचा होता. आणि तो शोधायला कुणी बसलं नव्हतं.

ज्या बाईंना तो फरक सलला आणि ज्यांनी तो पुढे सरकारच्या नजरेस आणून दिला, त्यांचं नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

आपल्या ओळखीच्या नाइटिंगेलबाई शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातल्या. रात्रीची वेळ, जखमी सैनिकांच्या रांगा आणि त्यांच्यामधून हातात दिवा घेऊन चाललेली एक सडपातळ स्त्री. चित्रकारांनी तिच्या हाती बहुधा जुन्या रोमन घाटाचा दिवा दिला. प्रत्यक्षात तो घडी पडणारा साधा तुर्की कंदील होता. पण तेवढी चूक सोडली तर चित्र खोटं नाही, फक्त अर्धं आहे. नव्वद वर्षांच्या आयुष्यात बाईंनी प्रत्यक्ष इस्पितळात काम केलं ते जेमतेम तीन वर्षं. बाकीच्या आयुष्यात त्यांच्या हाती होती ती लेखणी. दिव्याचं चित्र घरोघर पोचलं; वही मात्र मागे राहिली. आज नर्सिंग कॉलेजातली प्रत्येक मुलगी रात्री जागून रुग्णाचा केअर प्लॅन लिहिते, म्हणजे त्या माणसाला कोणती काळजी लागणार, ती कुणी, केव्हा, कशी घ्यायची आणि तिचा उपयोग झाला का, हे कागदावर मांडते, तेव्हा ती त्या वहीचंच पुढचं पान लिहीत असते. म्हणून आज दिव्यापेक्षा वहीबद्दल थोडं.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२०चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. आईवडील लग्नानंतर युरोपच्या लांबलचक प्रवासावर होते. थोरली मुलगी नेपल्समध्ये झाली, म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी. धाकटी फ्लॉरेन्समध्ये झाली, तिचं नाव फ्लॉरेन्स. घर गडगंज. डर्बीशरमधलं ली हर्स्ट आणि हॅम्पशरमधलं एम्ब्ली पार्क असे दोन प्रशस्त वाडे, नोकरचाकर, पाहुण्यांची वर्दळ. वडील विल्यम नाइटिंगेल केंब्रिजला शिकलेले. मुलींना त्यांनी घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. धाकटीला गणिताची ओढ लागली, आणि मोठ्या घरातल्या मुलीला गणित कशाला, हा प्रश्न आईला पडला.

सोळा वर्षांची असताना ईश्वरानं आपल्याला त्याच्या कामासाठी बोलावलं आहे, असं फ्लॉरेन्सला वाटलं. तिनं ती तारीखही टिपून ठेवली: ७ फेब्रुवारी १८३७. काम कोणतं हे उमगायला मात्र कित्येक वर्षं गेली. उमगलं तेव्हा, १८४५ साली, सॅलिसबरीच्या इस्पितळात काही महिने राहून शुश्रूषा शिकते, असं तिनं घरात सांगितलं. घरावर वीज पडावी तसं झालं. त्या काळी इस्पितळ म्हणजे गरिबांनी मरायला जायची जागा. ऐपतदार माणूस घरी आजारी पडे आणि घरीच बरा होई किंवा मरे. इस्पितळातल्या दाया दारू पितात, हा सार्वत्रिक समज होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. आपल्याकडे त्यानंतर शंभर वर्षांनीसुद्धा मुलीनं नर्सिंगला जायचं म्हटलं की घरात चार दिवस अबोला धरला जात असे. त्यामुळे त्या आईवडिलांवर फार रागावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

फ्लॉरेन्सनं भांडण केलं नाही. ती पहाटे उठू लागली. घर जागं होण्याआधी मेणबत्तीच्या उजेडात, शाल गुंडाळून, इस्पितळांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचायचे, त्यातले आकडे वहीत उतरवायचे, तक्ते मांडायचे. नाश्त्याची घंटा झाली की वही बंद करून चांगली मुलगी व्हायचं. तिच्यावर जीव असलेले रिचर्ड मंक्टन मिल्न्स हे कवी आणि पार्लमेंटचे सभासद. त्यांना कित्येक वर्षं ताटकळत ठेवून अखेर १८४९मध्ये तिनं नकार दिला. तो तिला सोपा गेला नाही. पण संसार आणि हे काम एकत्र जमायचं नाही, हा हिशेब तिनं मनाशी मांडून पाहिला होता.

१८५१मध्ये तिला जर्मनीतल्या कैझर्सवर्थ इथे तीन महिने राहता आलं. पास्टर फ्लीडनर यांनी चालवलेल्या त्या संस्थेत सेविका रुग्णांची शुश्रूषा करत. तिचं रीतसर शिक्षण काय ते एवढंच. १८५३च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या, आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका छोट्या इस्पितळाची व्यवस्था तिच्या हाती आली. वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड लावून दिले. तिथे तिनं पहिल्यांदा काय मागितलं? प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ, जेवण वर चढवायला दोरीचा पाळणा, आणि कोणत्या खाटेवरून घंटा वाजली हे बाहेर दिसून राहील अशी सोय. परिचारिकेचे पाय जिन्यात झिजण्याऐवजी तिचा वेळ रुग्णापाशी जावा, एवढाच त्यामागचा विचार. सेवाभावाची भाषणं पुष्कळजण करत होते. जिन्याच्या पायऱ्या मोजणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात क्रिमियाचं युद्ध पेटलं. जखमी ब्रिटिश सैनिकांचे हाल टाइम्सच्या बातमीदारानं कळवले आणि इंग्लंड खवळलं. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेलबाईंचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिका घेऊन बाई १८५४च्या ऑक्टोबरमध्ये निघाल्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॉन्स्टॅन्टिनोपलसमोरच्या स्कुटारीला पोचल्या. ते गाव म्हणजे आजच्या इस्तंबूलमधलं उस्कुदार. सैनिकांची भलीमोठी बराक तिथे इस्पितळ म्हणून वापरात होती. खाली तुंबलेली गटारं, वर उंदीर, खाटा अपुऱ्या, सदरे नाहीत, टॉवेल नाहीत, ताटवाट्या नाहीत. डॉक्टरांना ही बायकांची पलटण नकोच होती. बाईंनी आपल्या परिचारिकांना बजावलं, की डॉक्टर बोलावतील तेव्हाच वॉर्डात जायचं. मग इंकरमनच्या लढाईतले जखमी येऊन पडले आणि बोलावणं आपोआप आलं.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. एक तपशील मात्र मला, बँकेतला माणूस म्हणून, फार आवडतो. सैनिक पगार दारूत उडवतात, असं अधिकारी म्हणत. बाईंचं म्हणणं, घरी पाठवायची सोय नाही म्हणून उडवतात. त्यांनी स्वतः सैनिकांकडून पैसे घेऊन, नोंद ठेवून, ते इंग्लंडमधल्या त्यांच्या घरी पोचते करायला सुरुवात केली. महिन्याला हजारेक पौंड जाऊ लागले. मग सरकारलाही जाग आली आणि मनीऑर्डरची व्यवस्था झाली. मेलेल्या सैनिकाच्या आईला पत्र लिहिणं आणि जिवंत सैनिकाच्या बायकोला पैसे पाठवणं ही दोन्ही शुश्रूषेचीच कामं आहेत, असं त्या मानत.

पण माणसं मरतच होती. १८५५च्या फेब्रुवारीत स्कुटारीच्या इस्पितळांतलं मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ला पोचलं. मार्चमध्ये सरकारनं पाठवलेलं आरोग्य पथक आलं. त्यानं गटारं उपसली, पाण्याच्या वाटेतली मेलेली जनावरं काढली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरलं.

१८५६च्या ऑगस्टमध्ये बाई घरी परतल्या. स्वागताच्या मिरवणुका टाळण्यासाठी त्यांनी प्रवास मिस स्मिथ या नावानं केला. क्रिमियात जडलेल्या तापानं प्रकृती कायमची ढासळली होती. पुढची कित्येक वर्षं त्यांनी बहुतेक खोलीत, पुष्कळदा अंथरुणावर काढली. आता आराम करावा, असं सगळे म्हणत होते. बाईंनी वह्या उघडल्या.

युद्ध चालू असताना त्यांची समजूत अशी होती, की सैनिक उपासमारीनं आणि थंडीनं अर्धमेले होऊन येतात, म्हणून दगावतात. विल्यम फार हे त्या काळचे नाणावलेले संख्याशास्त्रज्ञ. त्यांच्या साह्यानं आकडे लावून पाहिले तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. तलवारीनं आणि गोळीनं मेलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसं टाळता येण्यासारख्या रोगांनी गेली होती, आणि गर्दी, घाण, कोंडलेली हवा यांत इस्पितळाचाच मोठा हात होता. ज्या वॉर्डांतून आपण रात्री दिवा घेऊन फिरलो, त्या वॉर्डांची हवाच माणसं मारत होती. हा शोध त्यांना किती लागला असेल, याची कल्पना करवत नाही. चरित्रकारांमध्ये त्याच्या तपशिलावर वाद आहेत. पण यानंतर बाई घरात आणि इस्पितळात स्वच्छ हवेसाठी जो हट्ट धरून बसल्या तो कधी सुटला नाही, हे खरं. आणि दिव्यानं न दाखवलेली गोष्ट वहीनं दाखवली, हेही खरं.

१८५८मध्ये त्यांचा जाडजूड अहवाल तयार झाला. आकड्यांचे रकाने मंत्र्यांना वाचवणार नाहीत, हे ओळखून त्यांनी पाकळ्यांच्या फुलासारख्या रंगीत आकृत्या काढल्या. एकेक पाकळी म्हणजे एकेक महिना, आणि पाकळी जेवढी मोठी तेवढे मृत्यू अधिक. शांततेच्या काळातही, इंग्लंडमधल्या बराकीत राहणारा धडधाकट सैनिक त्याच्याच वयाच्या नागरिकाच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतो, हेही त्यांनी दाखवून दिलं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्यांना सभासद करून घेतलं. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. मुलीला गणित कशाला, याचं उत्तर आईला वीस वर्षांनी मिळालं.

आता त्या पुस्तकाकडे वळू, ज्यातून आजच्या केअर प्लॅनची मुळं निघतात. परिचर्येवरचं त्यांचं छोटेखानी पुस्तक १८६०च्या प्रारंभी लोकांच्या हाती पडलं. ते नर्सेससाठी नव्हतंच मुळी. घरात कुणी ना कुणी आजारी असतंच, आणि त्याचं करणारी आई, बहीण, बायको असतेच. त्या सगळ्यांसाठी ते होतं. त्यातल्या एका प्रकरणाचा विषय वरकरणी अगदी क्षुल्लक आहे: छोट्यामोठ्या गोष्टींची व्यवस्था. पण बाई त्यात एक प्रश्न विचारतात. तुम्ही जवळ असताना रुग्णासाठी जे करता, ते तुम्ही जवळ नसताना होतं का? तुम्ही खिडकी उघडी ठेवता. तुम्ही झोपायला गेलात की दुसरी व्यक्ती ती लावून घेते. तुम्ही दहा वाजता पेज देता. तुम्ही बाहेर गेलात त्या दिवशी पेज बारा वाजता येते, किंवा येतच नाही. रुग्णाच्या दृष्टीनं तुमची माया, तुमचं जागरण सगळं त्या एका दिवसात फुकट जातं. आपल्याशिवाय आजाऱ्याचं पान हलत नाही, याचा पुष्कळांना अभिमान वाटतो. बाईंना ती अभिमानाची गोष्ट वाटत नव्हती. आपण नसतानाही सगळं सुरळीत चालेल अशी घडी बसवणं, हीच त्यांच्या लेखी व्यवस्था. आजचा केअर प्लॅन दुसरं काय करतो? सकाळच्या पाळीची सिस्टर घरी जाते. तिनं जे पाहिलं, जे ठरवलं, ते दुपारच्या पाळीच्या हाती राहतं. रुग्णाच्या खाटेशी तिची गैरहजेरी होत नाही.

दुसरं प्रकरण निरीक्षणाचं. रात्र बरी गेली का, असं रुग्णाला विचारू नका, असं त्या सांगतात. एकाला सलग दहा तास झोप लागली नाही तर रात्र वाईट गेली असं वाटतं, आणि दुसरा मधूनमधून डुलक्या मिळाल्या तरी बरी गेली म्हणतो. किती तास झोपलात आणि केव्हा जाग आली, ते विचारा. तसंच जेवणाचं. रुग्णानं जेवण टाकलं, एवढं कळून भागत नाही. स्वयंपाक बिघडला असेल, पदार्थच त्याला चालणारा नसेल, वेळ चुकली असेल, किंवा खरोखरच भूक मेली असेल. कारणं चार, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. आपण मात्र चारही ठिकाणी एकच शेरा मारतो: जेवत नाही. बँकेत व्हाउचरवर रक्कम असून भागत नाही, ती कशापोटी हे खाली लिहावं लागतं. कारण न लिहिलेली नोंद पुढच्या माणसाला काहीच सांगत नाही.

आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला होणाऱ्या जखमा? त्यांचा दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असं त्यांनी स्पष्टच लिहिलं. ही जबाबदारी अंगावर घेणं त्या काळी सोपं नव्हतं. पण रोग डॉक्टरांचा आणि रोगी परिचारिकेचा, अशी कामाची वाटणी करायला इथूनच सुरुवात झाली.

गंमत म्हणजे, कागदावर एवढा जीव असलेल्या या बाईंनी त्याच पुस्तकात कागदाबद्दल सावधगिरीही सांगितली आहे. पेन्सिलीनं टिपून ठेवण्याची मदत होत असेल तर जरूर टिपा. पण टिपणांमुळे स्मरणशक्ती तल्लख होण्यापेक्षा लंगडी पडण्याचाच संभव अधिक, आणि पाहण्याची सवय लागत नसेल तर परिचर्येचा नाद सोडलेला बरा. लिहिणं हे पाहण्याच्या मागून यायला हवं, त्याच्या जागी नाही.

क्रिमियाच्या कृतज्ञतेतून जनतेनं जमवलेल्या ४४ हजारांहून अधिक पौंडांच्या निधीतून १८६०च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत पंधरा मुली होत्या. शिक्षण एक वर्षाचं. मेट्रन होत्या सेराह वॉर्डरोपर. दर महिन्याला प्रत्येक मुलीचा तक्ता भरला जाई: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप, आणि पुढे जखम बांधण्यापासून रुग्णाला कूस बदलवण्यापर्यंत एकेक कौशल्य. मुलींनी रोजनिशी ठेवायची आणि रुग्णांबद्दलची टिपणं काढायची. त्यांतल्या पुष्कळजणी जेमतेम लिहायला शिकलेल्या. दिवसभर वॉर्डात राबून रात्री वही घेऊन बसणं त्यांच्या जिवावर येत असणार. तरी आग्रह होता. स्वतःला काय दिसलं ते शब्दांत मांडता येत नसेल तर ते नीट दिसलंच नाही, अशी त्यामागची धारणा.

बारा वर्षं अशी गेली. शाळेचं नाव सर्वत्र झालं. १८७२च्या सुमारास बाईंनी जवळून लक्ष घातलं तेव्हा कळलं, की कागदावर जेवढं शिक्षण दिसतं तेवढं वॉर्डात मिळत नाही. व्याख्यानं नीट होत नव्हती, मुलींच्या टिपणांकडे कुणी पाहत नव्हतं, आणि तक्ते मात्र महिन्याच्या महिन्याला भरले जात होते. स्कुटारीतल्या तीन याद्यांचाच हा घरातला अवतार. त्यांनी शाळा बंद केली नाही, की निराश होऊन बाजूला झाल्या नाहीत. एकेका मुलीला त्या स्वतःच्या घरी चहाला बोलवू लागल्या, तिच्याशी बोलून तिच्याबद्दल टिपण करू लागल्या. वर्षाच्या वर्षाला सगळ्या मुलींना उद्देशून पत्र लिहू लागल्या. वयाची पन्नाशी उलटलेली, आजारानं घरात कोंडलेली बाई सुधारणेला पुन्हा पहिल्या पायरीपासून लागली.

भारतात त्या कधी आल्या नाहीत. पण भारताइतकं लेखन त्यांनी क्वचितच दुसऱ्या कशावर केलं असेल. १८५९मध्ये भारतातल्या फौजेच्या आरोग्याबद्दल आयोग नेमला गेला, तेव्हा प्रत्येक छावणीला पाठवायची प्रश्नावली त्यांनी सिद्ध केली. पाणी कुठून येतं, मैला कुठे जातो, बराकीत दरडोई जागा किती. उत्तरांचे ढीग लंडनला आले. इथल्या ब्रिटिश सैनिकांत दर हजारी ६९ मृत्यू वर्षाला होत होते. ते प्रमाण १८७३पर्यंत १८वर आल्याचं बाईंनी नोंदवलं. पुढे त्यांचं लक्ष सैनिकांवरून रयतेकडे वळलं: दुष्काळ, सावकारी, कालवे, खेड्यांतली स्वच्छता. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. बेहरामजी मलबारी यांच्या दयाराम गिदुमल यांनी लिहिलेल्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. याच मलबारींनी आणि गिदुमलांनी १९०८मध्ये मुंबईत सेवासदन काढलं. पुढच्याच वर्षी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभं राहिलं, आणि तिथल्या स्त्रिया ससून इस्पितळात परिचर्या शिकायला जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, घरादाराच्या विरोधाला तोंड देऊन आलेल्या होत्या. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एम्ब्ली पार्कमधल्या एका मुलीला घरात जे ऐकावं लागलं होतं, ते त्यांनी मराठीत ऐकलं. तरी त्या गेल्या.

केअर प्लॅनचा आजचा साचा मात्र विसाव्या शतकातला आणि बराचसा अमेरिकन. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या आयडा जीन ऑरलँडो यांचं पुस्तक १९६१मध्ये आलं. १९७३मध्ये सेंट लुइस शहरात परिचारिकांची पहिली परिषद भरली, ती नर्सिंग डायग्नोसिसची यादी ठरवण्यासाठी. तेव्हापासून पाच पायऱ्या रूढ झाल्या: पाहणी, निदान, उद्दिष्ट आणि आखणी, कृती, मूल्यमापन. आपल्याकडच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही त्या गिरवाव्या लागतात. आता मुलगेही पुष्कळ असतात.

समजा, सत्तर वर्षांच्या आजी पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांचं निदान तिथे संपतं: फ्रॅक्चर. विद्यार्थिनीचं तिथून सुरू होतं. आजींना हलता येत नाही, म्हणून पाठीच्या आणि टाचांच्या कातडीला धोका आहे. उद्दिष्ट: घरी जाईपर्यंत कातडी शाबूत राहावी. कृती: ठरावीक वेळानं कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, माकडहाड आणि टाचा रोज डोळ्यांनी पाहायच्या, ताटात डाळ, दूध, अंडं काय जातं ते बघायचं. मूल्यमापन: आज डाव्या टाचेवर लाली दिसली, टाच अधांतरी ठेवली, उद्या पुन्हा पाहायचं. नाइटिंगेलबाईंना या कागदावरचे नवे शब्द कदाचित समजले नसते. कागद बरोबर समजला असता.

आमच्या शेजारची एक मुलगी बी.एस्सी. नर्सिंग करते. एकदा तिची फाइल चाळायला मिळाली. अक्षर मोत्यासारखं, रकाने पट्टीनं आखलेले. मी विचारलं, या बाईंना मुलं किती? ती हसली आणि म्हणाली, काका, हा मागच्या वर्षीच्या सीनियरच्या फाइलवरून उतरवलाय. दिवसाला इतके लिहायचे असतात, की रुग्णाशी बोलायला वेळ उरत नाही. मला तिचा राग आला नाही. एका वॉर्डात किती खाटा, किती हात आणि किती कागद, याचा हिशेब तिच्या हातात थोडाच आहे? पण त्या फाइलीतली रुग्ण आणि खाटेवरची रुग्ण या दोन वेगळ्या बायका होत्या. पुढच्या पाळीची सिस्टर त्या कागदावर भिस्त ठेवील, तेव्हा ती दुसऱ्याच कुणाची तरी काळजी घेत असेल. तक्ता भरला म्हणजे शिक्षण झालं, या भ्रमातून नाइटिंगेलबाईंच्या स्वतःच्या शाळेची सुटका झाली नव्हती. मग आपली सहज कशी होईल? उपाय एकच, आणि तो जुना आहे: मुलीनं लिहिलेलं कुणीतरी वाचायला हवं, आणि वाचणाऱ्यानं खाटेपर्यंत जायला हवं.

बाईंचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रोगजंतूंचा सिद्धान्त स्वीकारायला त्यांना वेळ लागला. परिचारिकांची सरकारी परीक्षा आणि नोंदणी असावी, या मागणीला त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कडाडून विरोध केला. चांगुलपणा रजिस्टरात चढवता येत नाही, ही त्यांची भूमिका. काळानं निकाल त्यांच्या विरुद्ध दिला, आणि तो योग्यच होता. पण त्या विरोधामागची भीती काल्पनिक नव्हती. नोंद झाली की काम झालं, असं मानण्याची माणसाची सवय त्यांनी स्कुटारीपासून पाहिली होती.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. वाचणं थांबलं, लिहिणं थांबलं, हळूहळू स्मृतीही गेली. १९०७मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. पण तो त्यांना किती उमगला, कोण जाणे. तोवर त्यांनाच दुसऱ्यांच्या शुश्रूषेवर अवलंबून राहावं लागत होतं. आपण नसताना काय होईल, हा प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या बाईंची काळजी आता इतरांनी वेळेवर घ्यायची होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या साउथ स्ट्रीटवरच्या घरी त्या झोपेतच गेल्या.

वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची तयारी सरकारनं दाखवली होती. घरच्यांनी बाईंच्या इच्छेला मान देऊन ती नाकारली. हॅम्पशरमधल्या ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ, त्यांना ठेवलं. सहा सैनिकांनी शवपेटी वाहिली. दगडावर त्यांच्यासाठी पूर्ण नावसुद्धा नाही. नावाची दोन आद्याक्षरं आणि जन्ममृत्यूची दोन सालं. आयुष्यभर हजारो पत्रं आणि अहवाल लिहिणाऱ्या बाईंची ही शेवटची नोंद. नेमकी तेवढीच, आणि अचूक.